खारपाणपट्ट्यातली टाकी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या बायकांना मी तसा शब्द दिला आहे. बुलढाणा जिल्ह्यात, वरवट बकालच्या पुढे, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिवसभर दिसत राहते अशा सपाट काळ्या रानात ते आहे, एवढं पुरे. मी आठवड्याभराचं काम म्हणून पुण्याहून निघाले होते. परतायला सव्वा महिना लागला. आता जो तो विचारतो, कसा झाला प्रवास. दोन वाक्यांत सांगायला जाते आणि अडकते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसले आहे.

मी काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. सिमेंट, वाळू आणि खडीचे ठोकळे करायचे, काही दिवस पाण्यात ठेवायचे, मग यंत्रात दाबून फोडायचे आणि फुटेपर्यंत किती भार सोसला ते लिहून ठेवायचं. बाहेरच्या माणसाला हे काम रुक्ष वाटतं. मला आवडतं.

गेल्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी कुठल्याशा कारखान्यातून एक राखाडी पावडर आणवली. पोलादात घालायचा एक मिश्रधातू विजेच्या भट्टीत करतात. त्या भट्टीच्या धुराड्यात जी धूळ साठते, ती ही. कारखान्याच्या लेखी निव्वळ कचरा. परदेशात काही ठिकाणी ती काँक्रीटमध्ये घालून पाहतात, तिला सिलिका फ्यूम म्हणतात, असं साहेबांच्या वाचनात आलं होतं. आम्ही आपलं पावडरच म्हणायचो. सिमेंटचा कण ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर ही त्या ज्वारीच्या पिठाहूनही बारीक. सिमेंटच्या कणांमध्ये ज्या फटी उरतात तिथे ती जाऊन बसते. सिमेंट भिजल्यावर जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी तिचा संयोग होतो आणि फट कायमची बुजते. पाण्याला आत जायला वाटच राहत नाही. पावडर घातलेले ठोकळे फुटायला आमचं यंत्र कुरकुरायचं, आणि शेवटी ठोकळा फुटायचा तो बंदुकीचा बार काढल्यासारखा.

पण ते पुण्यातल्या पाण्यात ठेवलेले ठोकळे. खाऱ्या जमिनीत ही पावडर किती टिकाव धरते ते पाहायला हवं होतं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना जो खारपाणपट्टा आहे, तिथल्या एखाद्या विहिरीत साधे आणि पावडरचे ठोकळे सोडून यायचे आणि वर्षाने काढून पाहायचे, असं ठरलं. मला रसायनशास्त्र येतं आणि घरी दोन्ही मुलींना सांभाळायला सासूबाई आहेत, म्हणून मला पाठवलं.

मलकापूर ते वरवट बकाल

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. बाभळीच्या काट्यांवर, विजेच्या तारांवर, बैलांच्या शिंगांवर, जिथे पाहावं तिथे कापसाचे पुंजके अडकलेले. हवेत सरकीचा तेलकट वास. मी गरम कचोरी खाल्ली, पावडरच्या दोन गोण्या एसटीच्या टपावर चढवून घेतल्या आणि खिडकीजवळची जागा धरली.

वरवट बकालला हमालाने टपावरची गोणी खाली सोडली, ती कोपऱ्यावर आपटली आणि उसवली. धूळ इतकी हलकी की ती सांडली नाही, उडालीच. क्षणभर मला समोरची एसटी दिसेना. धुरळा खाली बसल्यावर पाहते तर कंडक्टर, हमाल, केळीवाला आणि मी, सगळे एकाच रंगाचे.

"काऊन बे, पाहून टाकता येत नाही का?" कंडक्टर हमालावर उखडला.

केळीवाल्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि मला शांतपणे विचारलं, "बाई, डीडीटी हाये का हे? मले सांगून द्या. केळं धुवा लागतीन."

डीडीटी नाही, सिमेंटमध्ये घालायची पावडर आहे, असं मी त्यांना समजावलं. त्यांना ते फारसं पटलं नसावं. मी उसवलेली गोणी सुतळीने टाचली आणि हात-तोंड धुऊन समोरच्या हॉटेलात शिरले.

"पानी गोडं देऊ का?" मालकाने विचारलं.

गोड पाणी म्हणजे सरबत, असा माझा समज झाला. "नको, साधंच द्या," मी म्हटलं.

त्याने साधं दिलं. पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. मीठ घातलेल्या पाण्याची चव वेगळी असते. याला खारट, तुरट आणि मागाहून किंचित कडू अशी चव होती. गिळावं की थुंकावं ते कळेना. मालक माझ्याकडे पाहत होता. "म्हनूनच इचारलं होतं," तो म्हणाला आणि दुसरा पेला पुढे केला.

पुण्यात आपण नळ सुरू ठेवून दात घासतो. हे वाक्य त्या सगळ्या मुक्कामात माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कौसाबाईंच्या घरी

पाणीखात्याचे ओव्हरसियर इंगळे मला जीपने गावात घेऊन गेले. तिशीतला सडपातळ माणूस, बोलण्यात सावध. वर्षापूर्वीच बदलून आलेले. गावात माझी सोय त्यांनी कौसाबाईंकडे केली होती. कौसाबाई पन्नाशीच्या, विधवा. मुलगा आणि सून वावरात राबायची. स्वतः बाई सातपुड्याच्या पायथ्याच्या माहेरगावाहून वांगी, मेथी, मिरच्या आणून गावात विकायच्या, कारण इथल्या विहिरींच्या पाण्यावर भाजीपाला उगवत नाही.

त्यांच्या घरात दोन माठ होते. एक खाऱ्या पाण्याचा, भांडी-लुगडी धुवायला. दुसरा गोड्या पाण्याचा, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि वरण होतं. माझ्या वाटीत वरण वाढताना त्या म्हणाल्या, "पाहा कसं एकजीव झालं. पहिले डाळ शिजतच नव्हती बाई. खाऱ्या पान्यात डाळ किती बी उकळा, दाना तसाच राह्यते."

"टाकी कधी झाली?"

"मोठा दुष्काळ सरला ना, त्याच्यानंतर. डोंगराखालून नळानं पानी येते. मालक मात्र त्याच्या आधीच गेले." त्यांनी भाकरी मोडली. "अंगाले सूज आली, लघवी बंद झाली. डाक्तरनं सांगतलं, पान्यानं झालं. या गल्लीत तसे किती गेले, मोजत नाई कोनी."

 त्या हे सहज बोलत होत्या. आपण आपल्याकडे सर्दी-पडशाबद्दल बोलतो तसं.

संध्याकाळी त्यांनी मला टाकी दाखवायला नेलं. घरच्या देवाचं दर्शन घडवावं तसं. गावाच्या मधोमध चार उंच पायांवर गोल टाकी उभी होती. पायांना खालून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत पांढराशुभ्र चुना, मध्ये गेरूचा पट्टा. भोवती नळांचा कट्टा, आणि टाकीखालच्या सावलीत कौसाबाईंची भाजीची जागा. बायका पाणी भरत होत्या आणि त्यांची लेकरं पायांच्या मधल्या जागेत खेळत होती. इतकी नीट राखलेली सरकारी वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती. तसं मी बोलूनही दाखवलं. कौसाबाई हसल्या नाहीत. मला वाटलं, संकोचल्या असतील.

ओढ्याकाठचा ढीग

दोन दिवस मी ठोकळे करण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे ओढ्याकडे जायला निघाले, तर टाकीखाली सात-आठ बायका झाडत होत्या. कोपऱ्या-कोपऱ्यातून खराटे फिरत होते. एकीने केर टोपल्यात भरला आणि डोक्यावर घेऊन ती ओढ्याच्या दिशेने गेली. काय शिस्त आहे, असं मनाशी म्हणत मीही त्याच वाटेने गेले.

ओढ्याच्या काठावर ती टोपलं रिकामं करून वळली आणि मला पाहून थबकली. मग रिकामं टोपलं काखेत मारून निघून गेली. मी तो केर पाहिला. त्यात पाला नव्हता, शेण नव्हतं. खडी होती. वाळू होती. सिमेंटचे कपचे होते, एका बाजूला चुना लागलेले, दुसऱ्या बाजूला गंजाने तांबडे पडलेले. आणि तो एका दिवसाचा केर नव्हता. माझ्या कमरेला लागेल एवढा ढीग झाला होता.

मी एक कपचा उचलला. अंगठ्याने दाबला. ओल्या बिस्किटासारखा त्याचा भुगा झाला.

मी वर्षानुवर्षं काँक्रीट फोडत आले आहे. ते अंगठ्याने फुटताना मी कधी पाहिलं नव्हतं.  त्या चार पायांवर किती पाणी उभं असतं, याचा हिशोब डोकं आपोआप करायला लागलं, आणि त्याखाली खेळणारी लेकरं डोळ्यांसमोरून हलेनात.

घरी आले तेव्हा कौसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. बातमी माझ्या आधीच पोचली होती.

"पाह्यलं तुमी," त्या म्हणाल्या.

"किती दिवसांपासून झडतंय?"

"गेल्या पोळ्यापासून जास्तच. आमी भेगा मातीशेनानं लिपतो. वरून चुना देतो. रोज सकाळी झाडून घेतो. सायेब लोक येतात, चांगलं दिसते, जातात."

"पण का?" मी विचारलं. "कौसाबाई, ती पडली तर?"

"पडली तं पडली. पन सायबाले कळलं तं ते आजच नळ बंद करतीन. मंग आमी काय पेवा? त्याच हिरीचं?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "टाकी पडली तं एकदा पडन बाई. ते पानी रोज मारते. तुमी लिहू नका. तुमचे ठोकळे करा अन् जा."

 मी उंबऱ्यात बसले. एवढंच म्हटलं, "मी गप्प बसले तर मला पुण्यात झोप लागायची नाही. तुमच्या गावाचं नाव मी कुठे छापणार नाही. पण इंगळ्यांना सांगणार."

त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांच्या घरात मला जेवायला वाढलं ते सुनेने.

हातोडा

माझा निरोप मिळून इंगळे दुपारी आले. बरोबर गफूर मिस्त्री नावाचे गवंडी होते. बातमी फुटली होती, त्यामुळे टाकीभोवती निम्मं गाव उभं. इंगळ्यांनी एका पायाच्या चुन्यावर हातोडा मारला. खण् असा आवाज यायला हवा होता. आला तो मातीच्या भिंतीवर बुक्की मारल्यासारखा, आणि हातोडा आतच रुतला. त्यांनी तो ओढून काढला तशी पसाभर खडी त्यांच्या बुटांवर पडली.

इंगळे दोन पावलं मागे सरले. "मी महिन्यातून एकदा येऊन जातो," ते हळू आवाजात मला म्हणाले. "यालेच टेकून उभा राह्यतो."

गफूर मिस्त्रींनी आणखी थोडा भाग उकरला. आतली लोखंडी सळई दिसू लागली. अंगठ्याएवढी जाड असायला हवी होती, ती विणायच्या सुईएवढी उरली होती. त्यांनी ती हाताने धरून वाकवली आणि तिचा तुकडाच त्यांच्या हातात आला.

"इतक्या थोड्या वर्षांत असं होत नाही," मी म्हटलं. "खारी जमीन असली तरी नाही. टाकी बांधताना पाणी कुठलं वापरलं होतं?"

 गर्दीतून कौसाबाईंचा आवाज आला. "तवा गोडं पानी कुठं होतं बाई? याच हिरीचं घातलं. आमीच वाह्यलं डोक्यावर. मजुरीनं."

 गोड्या पाण्याची टाकी त्याच खाऱ्या पाण्यात कालवून बांधली होती. मीठ बाहेरून शिरलं होतंच. पण ते पहिल्या दिवसापासून आतही बसलेलं होतं, सळयांना चिकटून. टाकी भरल्या दिवसापासून पोखरली जात होती, आणि बायका तिला चुना लावत होत्या.

गफूर मिस्त्रींनी सळईचा तुकडा खाली ठेवला. कौसाबाई पुढे आल्या, तो त्यांनी उचलला, दोन्ही हातांत धरून पाहिला आणि तिथेच बसल्या.

"लेकरं म्याच बसवत होती इथं," त्या म्हणाल्या. "उनात नका खेळू म्हनून. सावलीत या म्हनून."

 

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "बंद केली तं उघडान कवा? तुमच्या खात्याचं काम आमाले माहीत हाये."

इंगळे म्हणाले, "मी इथंच राहीन. पाय दुरुस्त होईपर्यंत गाव सोडणार नाही. पण टाकी आज रिकामी करावी लागते."

"रिकामी म्हंजे सांडून देनार?" कौसाबाई उठल्या. "सांडू नका. आमी भरून घेतो."

त्या दिवशी त्या गावात जे भांडं सापडलं ते भरलं गेलं. हंडे, कळशा, परातीसुद्धा. लग्नाच्या पंगतीची पातेली देवळातून बाहेर निघाली. बैलांच्या दगडी डोण्या घासूनपुसून भरल्या. एका घरी नवी धान्याची कोठी होती, ती भरली. माणसं एकेक करून पटकन टाकीखाली जायची, भांडं उचलून बाहेर यायची. आतापर्यंत तिथे निवांत बसणारी तीच माणसं. दिवस मावळायच्या आत नळ खोकल्यासारखे वाजले आणि थांबले.

पाण्याचा वाटा

वरवटच्या पोस्टातून मी साहेबांना ट्रंक कॉल लावला. पाय उकरून, नव्या सळया बांधून त्यांच्याभोवती काँक्रीटचं जाड कवच घालायचं इंगळ्यांनी ठरवलं होतं. त्यांचे वरचे अधिकारी तयार होते. त्यात माझी पावडर घालावी का, असं ते विचारत होते. मी घाबरले होते. मी तिथे ठोकळे करायला गेले होते, खांब करायला नाही.

"साध्या काँक्रीटपेक्षा वाईट होणार नाही," साहेब तिकडून ओरडून सांगत होते, कारण लाइन खरखरत होती. "पण पाणी मोजून. जास्त पाणी घातलंत तर सगळं मुसळ केरात. आणि पाणी गोडं हवं. ऐकू आलं का? गोडं."

लाकडी बल्ल्यांचे टेकू टाकीखाली दिले. पायांचा कुजका भाग उकरला, जुन्या सळया तारेच्या ब्रशने घासल्या, नव्या बांधल्या. तोवर टाकीवर चढणाऱ्या नळाचं पाणी बायका खालीच भरून घेत होत्या. तो नळ गंजून पातळ झालेला होता, पाया खोदताना फुटला. नवा येईपर्यंत डोंगराकडून येणाऱ्या पाण्याची झडप बंद करावी लागली. म्हणजे आता गावात गोडं पाणी होतं ते फक्त भांड्यांत.

काँक्रीट कालवायच्या दिवशी पाण्याची पिंपं डोंगराकडून बैलगाडीने आली. गफूर मिस्त्रींनी झाकण उघडून बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. "बाई, इसमें तो तेल है," ते म्हणाले. पाण्यावर सप्तरंगी तवंग होता. कुणीतरी तेलाची पिंपं न धुताच भरली होती. ते पाणी घातलं असतं तर सिमेंटने धडपणे धरलंच नसतं.

पिंपं धुऊन गाडी पुन्हा डोंगराकडे पाठवायची तर दिवस जाणार. सिमेंटच्या गोण्या फोडलेल्या. फळ्या ठोकून झालेल्या. बल्ल्या दुसऱ्या कामावरून उसन्या आणलेल्या, त्या फार दिवस मिळणार नव्हत्या. इंगळे डोकं धरून खडीच्या ढिगावर बसले. मी गावाकडे पाहत उभी राहिले. मागायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने? त्या भांड्यांतलं पाणी संपलं की गाव पुन्हा विहिरीवर जाणार होतं.

कौसाबाई गर्दीतच होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "किती लागंल?"

मी सांगितलं. पायांच्या कवचाला लागेल तेवढं, आणि वर पुढे आठवडाभर गोणपाट ओलं ठेवायला. त्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा डोक्यावर हंडा होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला.

"एकदा खारं वाह्यलं याच्याचसाठी," त्या म्हणाल्या. "आता हे घ्या."

त्यांच्यामागून दुसरी बाई आली. मग तिसरी. थोड्या वेळाने गल्लीतून हंड्यांची रांग लागली.  मी पाठ फिरवून पावडरची गोणी उघडू लागले, आणि माझे डोळे धुळीने भरले की कशाने ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर भावुक व्हायला सवड मिळाली नाही. दहा पाट्या सिमेंटला एक पाटी पावडर. आम्ही नाकातोंडाला ओले पंचे बांधून ती कोरडीच कालवली. पाणी पडल्यावर काँक्रीट गूळ आटल्यासारखं चिकट झालं. फावड्याला धरून बसे. "और पानी डालो बाई, ये उतरता नहीं," गफूर मिस्त्री विनवायचे, आणि मी मापाचं डबडं छातीशी धरून नाही म्हणायची. ते वैतागले, पण त्यांनी ऐकलं. माणसांनी सळया घेऊन ते फळ्यांमध्ये ठासून ठासून बसवलं. संध्याकाळी माझे हात वर होत नव्हते.

गोणपाटासाठी वेगळं काढलेलं सोडलं, तर भांड्यांतलं पाणी चार-पाच दिवसांत संपलं. नवा नळ त्यानंतर आठवड्याने आला. मधले दिवस गाव खारं पाणी प्यायलं, आणि मीही. डाळ शिजली नाही. माझं पोट बिघडलं, साबणाला फेस येईना, केसांच्या जटा झाल्या. तक्रार करायला तोंड नव्हतं. लहान मुलं पेला तोंडाला लावून मान फिरवायची. त्यांना ती चव ठाऊकच नव्हती. ते पाहणं मला सगळ्यात जड गेलं.

मूळ कामही या गडबडीत उरकलं. ठोकळे मी जाळीच्या पिंजऱ्यात घालून खाऱ्या विहिरीत सोडले. ते अजून तिथे आहेत. त्यांचं काय झालं ते पुढच्या वर्षी कळेल, आज मला माहीत नाही.

टाकी भरली तो दिवस

फळ्या काढल्या तेव्हा आतून गडद राखाडी, गुळगुळीत पाय निघाले. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासलं. इंगळ्यांनी हातोडा मारला. खण् असा आवाज आला आणि हातोडा उडून मागे आला. गफूर मिस्त्रींनी पायाला हात लावून तो कपाळाला लावला. आणखी काही दिवस काँक्रीट मुरू दिलं, बल्ल्या काढल्या, आणि मग एका सकाळी झडप उघडायची ठरली.

गाव जमलं, पण लांब, लिंबाच्या झाडाखाली. कुणी पुढे येईना. इंगळे चावी घेऊन झडपेपाशी उभे होते. तेव्हा कौसाबाई माझ्यापाशी आल्या.

"बाई, राग नका मानू. एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुमी म्हनता, पक्कं झालं. आमीबी पहिले म्हनत होतो का काई होत नाई. आता कोनाच्या म्हनन्यावर लोकं खाली जातीन?" त्या जरा थांबल्या. "पानी भरून राह्यलं तवा तुमी खाली उभ्या राहता का?"

 त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्या अगदी साधेपणाने विचारत होत्या.

प्रयोगशाळेत ठोकळा फुटला की आम्ही आकडा लिहितो आणि चहाला जातो. आपण जे कालवलं त्याच्याखाली स्वतः उभं राहायची वेळ येईल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मला माझ्या दोन मुली आठवल्या. साहेबांचं 'वाईट होणार नाही' हे वाक्य आठवलं, आणि ते किती तोकडं आहे ते तेव्हा कळलं. पण नाही म्हणायचं तर मग त्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार होते की जा, लेकरांना घेऊन जा?

"राहते," मी म्हटलं.

चार पायांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. इंगळ्यांनी चावी फिरवली. आधी नळात गुरगुर झाली, मग डोक्यावर पाणी पडल्याचा पोकळ आवाज आला. तो आवाज हळूहळू भरीव होत गेला.  मी टाकीच्या एका पायावर तळवा टेकवला. काही थरथरतंय का ते पाहत होते. मग दुसऱ्या पायापाशी जाऊन तिथेही टेकवला.

कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. पाहते तो कौसाबाई.

"तुम्ही कशाला आलात? मला सांगितलं होतं ना?"

"तुमाले म्याच उभं केलं," त्या म्हणाल्या. "तुमाले काई झालं असतं तं तुमच्या लेकरांले काय सांगतलं असतं म्या?"

त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी वर पाहत उभ्या राहिलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी टाकी काठोकाठ भरली, आणि जादा पाणी बाजूच्या पाइपातून धो धो खाली आलं. आमच्या पावलांपर्यंत चिखल झाला. टाकीचा एकही पाय जागचा हलला नाही. इंगळ्यांनी चावी बंद केली.

मग लिंबाखालून एक बाई निघाली, कडेवर लेकरू आणि डोक्यावर रिकामा हंडा. ती आमच्या शेजारून टाकीखालून सरळ नळापाशी गेली आणि तिने नळ सोडला.